पित्ताची पिशवी काढली, मग पित्त कुठनं व्हायलंय?

हा प्रश्न माझा नाही, परवा लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या एका मावशींचा आहे. दोन वर्षांमागं खड्यांमुळं त्यांचं पित्ताशय दुर्बिणीतनं काढलंय आणि आता परत छातीत जळजळ, आंबट ढेकर, रात्री झोप नाही. "पिशवीच काढून टाकली की गं पोरी, मग पित्त कुठनं व्हायलंय?" घरातल्या कुणीतरी ऑपरेशनच नीट झालेलं नसणार असं त्यांच्या डोक्यात भरवून दिलंय. मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलंय, रोज बिलिरुबिन, म्हणजे पित्तातला पिवळा रंग, तपासते, तरी मला त्यांना पटकन सांगता आलं नाही, कारण अडचण त्या शब्दातच आहे. म्हणून हा धागा काढलाय. तुमच्या घरात पित्त कशाला म्हणतात ते लिहा, मला माहीत असलेलं मी लिहिते.

आपण मराठीत ज्याला पित्त म्हणतो ती कमीत कमी तीन वेगळी रसायनं आहेत.

खरं पित्त म्हणजे पित्तरस. तो यकृतात बनतो, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर, जहाल कडू, रंगानं पिवळा-हिरवा. पिशवी तो बनवत नाही, नुसता साठवते आणि आटवून घट्ट करते, तिच्यात मावतं किती तर ३० ते ५० मिली. तेलकट पोटात गेलं की आतड्यातनं एक हार्मोन सुटतं, त्यानं पिशवी आवळते, पित्त आतड्यात उतरतं आणि त्यातले क्षार तेलाचे बारीक बारीक थेंब करून टाकतात, भांड्याचा साबण करतो तसंच. पिशवी काढली तरी यकृत आपलं काम करतच राहतं, फक्त पित्त साठत नाही, सरळ आतड्यात जात राहतं. त्यामुळं जळजळ परत आली म्हणजे ऑपरेशन बिघडलं असं अजिबात नाही.

पण "मला पित्त झालंय" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा पित्तरसाचा विषयच नसतो, बोलत असतो जठरातल्या आम्लाबद्दल. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड, विल्यम प्राउट या इंग्लिश डॉक्टरनं १८२४ च्या सुमारास हे दाखवून दिलं. ते जठराच्या अस्तरातल्या पेशी बनवतात आणि इतकं तीव्र असतं की पीएच दीड-दोनपर्यंत खाली जातो. पित्तरस उलट किंचित अल्कलीकडं झुकणारा असतो, जठरातनं आतड्यात आलेलं आम्ल मारायला तो मदतच करतो. म्हणजे बघा, आम्ल आणि ते मारणारा रस, दोघांनाही आपण एकाच नावानं हाक मारतोय.

तिसरं, अंगावर उठतं ते. लाल गांध्या, खाज. "अंगावर पित्त उठलं" म्हणतो ना. तिथं पित्तरसही नाही न् ॲसिडही नाही, तिथं आहे हिस्टामिन. कातडीत मास्ट पेशी असतात, त्या फुटल्यासारख्या उघडतात आणि हिस्टामिन बाहेर सोडतात, मग बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात आणि तेवढी जागा फुगते.

हे मी एवढं जीव तोडून लिहायचं कारण घरचं आहे. माझ्या धाकट्या भावाच्या अंगावर एकदा रात्री पित्त उठलं, तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेला आणि "पित्ताची गोळी द्या" म्हणाला, दुकानदारानं अंगाकडं बघितलंच नाही, ॲसिडिटीची गोळी दिली. त्यानं ती घेतली आणि झोपला. तासाभरात ओठ सुजले, बोलताना आवाज घोगरा. आम्ही रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं दिली, वाचला. गोळी चुकीची नव्हती, शब्दाप्रमाणं बरोबरच होती, आणि तेच मला अजून खातंय.

प्रतिसाद

ताई, मी आयुर्वेदाचा विद्यार्थी, थोडं आमच्या बाजूनं. शब्द मुळात एवढा गुळगुळीत नव्हता. जळजळ-आंबट ढेकर याला अम्लपित्त, अंगावर गांध्या उठतात त्याला शीतपित्त, अशी वेगवेगळी नावं आहेत. शीतपित्त कशावरनं तर गार वारा लागल्यावर उठतं म्हणून. शिवाय पित्त हा दोष पाच प्रकारचा मानलाय, पाचक, रंजक, साधक, आलोचक आणि भ्राजक, त्यातलं भ्राजक पित्त त्वचेतलं. म्हणजे त्या शास्त्राच्या आत "अंगावर पित्त" बरोबर बसतं. बोलता बोलता आपण पुढचा अर्धा शब्द गाळला, नुसतं पित्त राहिलं.

प्रतिसाद

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू. अंगावर उठतं त्याला आमची आजी दद्दुर्लु म्हणायची, पित्ताचं नाव त्यात नाही. पैत्यं म्हणजे पित्त चढणं, मळमळ-गरगर. आणि एखादा डोकं फिरल्यासारखं वागायला लागला की त्यालाही पैत्यंच. पण आता आम्ही पोरं मराठी शाळेत शिकलो, आम्हीही अंगावर पित्तच म्हणतो.

प्रतिसाद

अक्कलकोटकडं आमच्यात कन्नड बोलतात. गांध्यांना पित्तद गंधे. गंधे आणि गांधी एकच वाटतंय की नाही? आंबट ढेकरेला मात्र हुळि तेगु, सरळ आंबट ढेकर, पित्त नाही.

मी

वा, कन्नडमधली जळजळ पित्तातनं सुटली म्हणायची. गांधी कुणाकडनं कुणाकडं गेली ते मी छातीठोक सांगणार नाही, पण शेजार आहेच.

शीतपित्ताबद्दल दादांनी लिहिलंय ते फार आवडलं. काही लोकांना खरंच गार पाण्यानं, गार वाऱ्यानं मास्ट पेशी उघडून गांध्या उठतात, नाव देणाऱ्यानं नीट बघितलं होतं. आणि आपल्याकडं गांध्यांवर आमसुलाचं पाणी लावतात ना, त्याच्या थंडाव्यानं बऱ्याच जणांची खाज कमी होते, पण गारव्यानंच ज्याला उठतं त्याला त्यानं वाढू शकतं.

अजून एक, हे मला शिकताना कळलं तेव्हा मी वही बाजूला ठेवून नुसती बसले होते. हिस्टामिन फक्त कातडीत नसतं. जठरातही असतं, आणि आम्ल बनवणाऱ्या पेशींना "बनवा" असा निरोप देणाऱ्यांपैकी ते एक आहे. फरक कुलपाचा, म्हणजे हिस्टामिन पेशीवर जिथं जाऊन बसतं त्या जागेचा. कातडीतल्या रक्तवाहिन्यांवर एच-१ नावाचं कुलूप, जठरात एच-२. सेट्रिझिन पहिलं कुलूप अडवतं म्हणून खाज थांबते पण जळजळ थांबत नाही, फॅमोटिडीन दुसरं अडवतं. हे दुसरं कुलूप ओळखून जेम्स ब्लॅक यांनी सिमेटिडीन आणलं, त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. पहिल्या जातीच्या औषधांसाठी डॅनियल बोव्हे यांना १९५७ मध्येच मिळालं होतं. म्हणजे आपल्या लोकांनी दोन दुखण्यांना एक नाव दिलं आणि दोन्हीकडं एकच रेणू निघाला. हा योगायोगच आहे, त्यावरनं आपल्या पूर्वजांना हिस्टामिन माहीत होतं असं कुणी फॉरवर्ड करू नका, कळकळीची विनंती.

प्रतिसाद

मग उलटीत जे पित्त पडतं ते कोणतं? माझं डोकं दुखलं की मी उलटी काढते, पित्त पडलं की बरं वाटतं.

मी

चव सांगा. आंबट असेल, दात आंबतात तसं, तर जठरातलं आम्ल. कडू आणि पिवळं-हिरवं असेल तर खरं पित्त, आतड्यातनं वर आलेलं. जीभ इथं शब्दापेक्षा चांगलं काम करते. तुमची डोकेदुखी एका बाजूची, उजेड नको वाटणारी असेल तर ती अर्धशिशी असू शकते, त्यात मळमळ आतनंच येते, पित्त डोक्यात चढतं असा काही रस्ता शरीरात नाही. दर वेळी उलटी काढू नका, दाखवून घ्या.

प्रतिसाद

कोलेस्टेरॉलमध्येही पित्त आहे म्हणतात ते काय?

मी

हो, नावातच आहे. ग्रीकमध्ये खोले म्हणजे पित्त, स्टेरेओस म्हणजे घट्ट. हा पदार्थ पहिल्यांदा पित्ताच्या खड्यांत सापडला, १८१५ मध्ये शेव्हरल या फ्रेंच केमिस्टनं त्याला कोलेस्टेरिन नाव दिलं. यकृत कोलेस्टेरॉलपासनंच पित्तक्षार बनवतं, आणि पित्तात कोलेस्टेरॉल जास्त झालं की त्याचे खडे धरतात.

प्रतिसाद

एक लिहायचंच आहे. आमचे काका उन्हाळ्यात, त्रेचाळीस डिग्रीत, दुपारी शेंगाचटणी-भाकरी खाऊन झोपले, उठल्यावर छातीत जळायलंय, पित्त झालंय म्हणाले. थंड दूध दिलं, सोडा दिला. संध्याकाळपर्यंत घाम फुटला, डावा हात दुखायला लागला. ॲटॅक होता. उशीर झाला. पित्त हा शब्द घरात कुणी उच्चारला की अजून धस्स होतं.

मी

वाचून हात थांबले. हेच हो. पित्त म्हटलं की घरातला प्रत्येक जण निर्धास्त होतो, तो शब्द ऐकून कुणी पळत नाही. जळजळीबरोबर घाम, दम, हातात-जबड्यात कळ असेल तर आधी ईसीजी, दूध-सोडा नंतर. अंगावर उठलं आणि ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला तर तसंच सिव्हिल गाठा. उजव्या बरगडीखाली तेलकट खाल्ल्यावर कळ येत असेल तर सोनोग्राफी.

मावशी काल रिपोर्ट न्यायला परत आल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "मावशी, डॉक्टरांकडं गेल्यावर पित्त म्हणूच नका. छातीत जळतंय, तोंडात आंबट येतंय, रात्री आडवं झालं की वाढतंय, असं सांगा." त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं. मग जाताना दारात थांबून विचारलं, "मग ह्याला म्हणायचं तरी काय?" मी अम्लपित्त म्हटलं. त्यांना तो शब्द जड गेला नाही.

लातूर, धाराशिव, विजापूरकडचं कुणी असेल तर तुमच्याकडं या तिन्हीला काय म्हणतात ते लिहा, मी वहीत उतरवून घेतेय.