‘ओळख ना पाळख’ मधली पाळख म्हणजे नक्की काय?

खाडीकाठ
एका शब्दावर अडलेय. डिसेंबरात मी आणि भाची व्हॅन घेऊन अलिबाग ते वेंगुर्ला फिरलो, मागे गादी टाकलेली, झोपायचं गाडीतच. भाचीने त्यावर इंग्रजीत लिहिलंय आणि आईला वाचता यावं म्हणून मी त्याचं मराठी करतेय. वाटेत भेटलेल्या माणसांशी ‘कनेक्शन’ झालं असं त्यात चारदा आलंय. मी तिथे ‘पाळख झाली’ लिहिलं, तर मामा (मराठीचे निवृत्त शिक्षक) म्हणाले असा शब्दच नाही, खोड.
पण मी तो ऐकलाय. धोपाव्याला शेवटची फेरीबोट चुकली म्हणून जेटीजवळच झोपलो, आतला दिवा रात्रभर चालू राहिला, सकाळी बॅटरी डाऊन. शेजारी एक आजी पाटी मांडीवर घेऊन सुकट निवडत होत्या, त्यांनी हाका मारून तीन पोरं जमवली आणि धक्का मारून गाडी चालू करून दिली. निघताना पेपरात दोन भाकऱ्या बांधून दिल्या, वर सुकटीची चटणी. आणि म्हणाल्या, "वलख झाली, आता पालख ऱ्हाव दे." नातवाचा नंबर घेतला होता, संक्रांतीला फोन केला तर आवाजावरून ओळखलं त्यांनी. याला ओळख म्हणणं मला फार कमी वाटतं.

काना_मात्रा
मामांचं बरोबर आहे. हा नुसता जोडीला आलेला शब्द, शेजारीपाजारी मधला पाजारी तसा. पाजारी कुठे राहतो सांगा बघू. स्नेह लिहा, ऋणानुबंध लिहा, इतके चांगले शब्द असताना हे कशाला?

सड्यावरचा
जोडीतला दुसरा शब्द दरवेळी पोकळच असतो असं कुठेय? अदलाबदल मधला बदल, उलथापालथ मधलं पालथं, दोन्ही स्वतःच्या पायावर उभे आहेत. मला तर पाळख म्हणजे पारखच वाटते, र चा ळ झाला असणार. आधी माणूस ओळखायचा मग पारखायचा.
आणि ऋणानुबंध काय, एका भाकरीवर मागचा जन्म कशाला काढायचा :)

माडाखालची
पारख नाही हो. आजी असं म्हणाल्या असतील तर ते पाळणं आहे, ओळख पाळायची. सण पाळतो, शब्द पाळतो तसं. आमचे आजोबा पाहुण्याला निरोप देताना ‘ओळख ठेवा’ म्हणायचे, पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहायचे, तेच हे. ओळख एका मिनिटात होते, पाळायला फोन करावा लागतो, जसा तुम्ही केलात.

शृंगारतळी
आमच्या भागात जुनी माणसं ळ चा ल करतात, नारल, केला, वलख. म्हणजे आजी खरंच पाळख म्हणत होत्या का पालख, हे लिहून ठरवता येणार नाही. मला ऐकल्याबरोबर पालखीच आठवली. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते, ज्याच्या अंगणात आली तो गावचा. घरात भांडण असलं तरी त्या दिवशी सगळे एका अंगणात.

काना_मात्रा
चित्र सुंदर आहे, व्युत्पत्ती नाही. पालखी पल्यंक, पर्यंक यांच्या घराण्यातली. ओळख उपलक्ष् पासून, गुजरातीतही ओळखवुं आहे. पाळखला असं घराणं दाखवा मग बोलू. एका आजीने एकदा वापरला म्हणून शब्द होत नाही.

माडाखालची
मग किती आजींनी वापरला की होतो? कोणीतरी पहिल्यांदा म्हणणारच ना. मोल्सवर्थने 1831 च्या कोशात लोकांच्या तोंडचे शब्दच गोळा केले होते, जन्मदाखला मागत बसला नव्हता.

काना_मात्रा
गोळा केले, तयार नाही केले. फरक आहे. आणि खाडीकाठच्या आईला हा शब्द कळणार का, हे तरी बघा. वाचणाऱ्याला अडखळवणारं भाषांतर मला नाही पटत.

सड्यावरचा
आईला ‘ओळख ना पाळख’ माहीत असेल तर पाळख झाली म्हटल्यावर कळेलच की.
बाकी धोपाव्याची ती फेरीबोट नसती तर दाभोळला जायला चिपळूणला वळसा. वाशिष्ठी मधे आडवी आहे. या बोटींनाच लोक जंगलजेटी म्हणतात, बागमांडला–वेश्वीला पण तेच ऐकलंय. जेटी म्हणजे धक्का, मग बोटीला जेटी कसं काय?

शृंगारतळी
आमची आजी बोटीला ‘तर’ म्हणायची. "तरीवर कोण भेटलं?" हा तिचा ठरलेला प्रश्न, दाभोळहून कोणीही आलं की पहिलं हेच. तेव्हा होडी होती, पलीकडे पोचेपर्यंत कोणाची मुलगी कुठे दिलीय इथवर बोलणं यायचं. आता गाडीतून उतरत नाहीत लोक, काचा वर.

खाडीकाठ
आम्ही उतरायचो. जयगडला तर बोटीवरच एकांनी वेळणेश्वरला घरी जेवायला बोलावलं, गेलोही. मी पाळख तूर्त ठेवतेय, मामांशी वाद चालू राहील. पण हे ‘तर’ मला नवीन आहे. ती तर की तो तर?

शृंगारतळी
ती. तर सुटली, तर लागली. म्हणून तर तरीवर.

काना_मात्रा
तरीवर हे तरी या शब्दाचंही रूप असू शकतं. तरी म्हणजे होडी, संस्कृतातच आहे.

शृंगारतळी
आजी "तर गेली गो" असं ओरडायची, ‘तरी गेली’ नाही. हे मी कानाने ऐकलंय.