मेण वितळवण्याचा पीआयडी नियंत्रक ७५ अंशांवर स्थिरावत नाही

प्रश्न:
मेणबत्त्यांसाठी पॅराफिन वितळवायला अ‍ॅल्युमिनियमचे पातेले, त्याच्या बुडाशी १००० वॅटचा हीटर, झिरो क्रॉसिंग प्रकारचा एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि आर्डुइनो उनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) अशी जुळणी केली आहे. के-टाइप थर्मोकपलचे (तापमान मोजणाऱ्या तारेचे) तापमान मॅक्स ६६७५ या चिपमार्फत दर २५० मिलिसेकंदांनी वाचतो. पीआयडीचा कोड माझाच असून पी (आत्ताच्या फरकासाठी) २०, आय (साठत गेलेल्या फरकासाठी) ०.५ आणि डी (बदलाच्या वेगासाठी) १०० असे गुणक आहेत; या तीन पदांची बेरीज म्हणजे आउटपुट. आय-पदाला २५५ ची कमाल मर्यादा घातली आहे आणि आउटपुट अ‍ॅनालॉगराइटने (० ते २५५ मूल्य घेणाऱ्या आज्ञेने) देतो. सेटपॉइंट (हवे असलेले तापमान) ७५ असताना तापमान ८९ पर्यंत जाते, नंतर ७० ते ८१ मध्ये झुलत राहते आणि एसएसआरवरचा दिवा मध्येच फडफडतो. पी कमी केला तर झोके वाढतात. कुठे चुकत असावे?

पहिले उत्तर:
गुणकांना हात लावण्याआधी आउटपुटची पद्धत बदला. अ‍ॅनालॉगराइट पिन झपाट्याने चालू-बंद करते (पीडब्ल्यूएम), आणि उनोच्या बहुतेक पिनांवर हे पीडब्ल्यूएम सुमारे ४९० हर्ट्झचे असते, म्हणजे साधारण दर २ मिलिसेकंदांनी एक पल्स; उलट ५० हर्ट्झच्या विजेचे अर्धे चक्र १० मिलिसेकंदांचे असते, आणि हा एसएसआर व्होल्टेज शून्याजवळ असतानाच चालू होऊन ते अर्धे चक्र संपेपर्यंत बंद होत नाही. त्यामुळे तुम्ही मागितलेली शक्ती आणि हीटरला मिळणारी शक्ती यांचा मेळच राहत नाही. त्याऐवजी २ सेकंदांचा काळ धरा. आउटपुट ३० टक्के असेल तर पिन ०.६ सेकंद चालू ठेवा आणि उरलेला वेळ बंद.

दुसरे उत्तर:
वरील सूचना योग्य आहे, पण ८९ अंशांचे मूळ आय-पदात आहे. सुरुवातीला सेटपॉइंट आणि तापमान यांतला फरक ५० अंशांचा असल्याने आय-पद सेकंदाला २५ ने वाढते आणि १० सेकंदांतच २५५ ला भिडते. पुढे मेण वितळू लागले की तापमान बराच वेळ जागचे हलत नाही आणि आय-पद तसेच भरलेले राहते. ८० अंशांवर पी-पद उणे १०० असते, पण आय-पद अजून २३० च्या आसपास असेल तर आउटपुट १३० येते. म्हणजे हीटर पूर्ण बंद हवा त्या क्षणी तो निम्म्या शक्तीने तापत असतो. फरक ५ अंशांच्या आत आल्यावरच आय-पद साठवायला सुरुवात करा आणि आउटपुट कमाल मर्यादेला असताना साठवण थांबवा.

दिव्याची फडफड बहुधा डी-पदामुळे आहे. मॅक्स ६६७५ ची सर्वांत लहान पायरी ०.२५ अंशाची, ती एका वाचनात बदलली की डी-पद एकदम १०० ने उसळते. तूर्त डी शून्य ठेवा.

आणखी एक, आणि हे कृपया टाळू नका: एसएसआर बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन कायम चालू राहतो आणि तेव्हा कोडचा काहीही उपयोग नसतो. हीटरच्या वायरीत थर्मल कटआउट (जास्त तापल्यास वीज तोडणारा स्विच) जोडल्याशिवाय मेणाचे पातेले एकटे सोडू नका.

प्रश्नकर्ता:
दोन्ही बदल केले आणि डी शून्य केला. आज तापमान ७७ पर्यंत जाऊन ७५ वर आले आणि तासभर अर्ध्या अंशाच्या आत राहिले. कटआउट उद्या बसवतो. तोवर पातेल्याजवळून हलणार नाही.