सीटीचा डोस रिपोर्टवर का छापत नाहीत?

सांगलीकर: काल इथे एकाने लिहिलं की पेशंटला रेडिएशनचा आकडा सांगू नये, घाबरून तो गरजेचा सीटीही टाळतो. वाचून डोकं फिरलं. माझ्या वडिलांचे मागच्या वर्षी नऊ दिवसांत पोटाचे तीन सीटी झाले, तिन्ही वेगळ्या ठिकाणी, प्रत्येकाचं एकच, "आधीचा चालत नाही, आमच्याकडे परत काढा". पोटाच्या एका सीटीला साधारण ८-१० मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेलं रेडिएशन मोजायचं एकक), म्हणजे निसर्गातून तीन-चार वर्षांत मिळतं तेवढं एका फटक्यात. मशीन दर स्कॅनला डीएलपी, म्हणजे रेडिएशनचा आकडा, दाखवतंच ना, मग तीन रिपोर्टांपैकी एकावरही का नाही?

डार्करूम: मीच लिहिलं होतं. २२ वर्षं टेक्निशियन आहे. डीएलपी म्हणजे मशीनने किती सोडलं, तुमच्या वडिलांच्या अंगाला किती लागलं ते नव्हे. तोच आकडा असला तरी बारीक माणसाला जास्त बसतो. मे २०२१ मध्ये एम्सचे डायरेक्टर एक सीटी म्हणजे ३००-४०० एक्सरे म्हणाले, रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने हरकत घेतली, पण तोवर आमच्याकडे एक बाई दम लागलेला असताना टेबलवरून उठून गेली. आणि आमची काळजी कोणाला? आम्हाला किती रेडिएशन लागलं ते मोजणारा टीएलडी बॅज तीन महिन्यांनी तपासायला जातो, ते अडवणाऱ्या लेड ॲप्रनला चीर पडलीय, मालक बदलत नाही.

मेधा_नाशिक: घाबरवलं कोणी पण? कोरोनाच्या त्या लाटेत साधा ताप आला की एचआरसीटी, म्हणजे छातीचा सीटी, फुफ्फुसाचा स्कोअर किती ते सांगा मग बेड. सरकारला दर २ ते ३ हजारांवर बांधावे लागले. आमच्या घरात चौघांचे सहा झाले, त्यातले चार तरी कटसाठीच, म्हणजे डॉक्टरच्या कमिशनसाठी.

डॉ_निशाचर: आलात कटवर! रात्री दोनला डोक्याला मार लागलेला पोरगा येतो, सीटी न काढता रक्तस्राव सुटला तर तुम्हीच काचा फोडता. जुन्या फिल्मचा व्हॉट्सअॅपवरचा फोटो, तोही कॉन्ट्रास्टशिवाय (आतलं नीट दिसावं म्हणून देतात ते औषध), त्यावर ऑपरेशन करू?

मेधा_नाशिक: काच कोणी फोडली? तोंड सांभाळा. ताप आणि डोक्याचा मार एकच का? कट घेत नाही एवढं लिहा ना सरळ.

डॉ_निशाचर: नाही घेत. घेणारे आहेत, ठाऊक आहे. त्यांच्यामुळे शिव्या मी का खाऊ?

सांगलीकर: कटचा वेगळा धागा काढा हो. कर्मचाऱ्यांना वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, पेशंटला नाही, आणि नसावीच, गरज असेल तर दहा काढा. मी नोंद मागतोय. माझ्या सहा वर्षांच्या भाचीचा स्कॅन मोठ्यांच्या सेटिंगवर झाला असेल तर आम्हाला कळणार कसं?

डार्करूम: लहान मुलांचं मान्य, करावंच लागेल. आम्ही महिनाभर डीएलपी वहीत लिहिले तेव्हा दिसलं की छातीचा स्कॅन रोज पार पोटापर्यंत खाली जातोय. आता थांबवलंय. पण ती वही सेंटरलाच राहू दे.

सांगलीकर: तुमची चूक तुम्हाला वहीमुळेच दिसली ना? मग अंग आमचं, आणि वही तुमच्याकडे का?