मदत हवी आहे : बेसबॉलच्या आकड्यांवरून पैजेचा अंदाज

सोलापुरात बेसबॉल बघणारं कुणी सापडेना, म्हणून इथं विचारतोय. पैसे लावत नाही. सात रस्त्यावरच्या मित्राशी पैज फक्त शेंगा चटणीची. अमेरिकेतला पैजेचा भाव एखाद्या संघावर उणे १५० (म्हणजे १०० जिंकायला १५० लावायचे) असला की त्याची जिंकायची शक्यता ६० टक्के धरलेली असते, एवढं कळलं. माझा अंदाज त्याहून जास्त निघाला तरच पैज घेतो.

घोडं अडलंय पिचरपाशी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यापाशी. ईआरए (नऊ इनिंगमागं पिचरच्या खात्यात पडलेल्या धावांची सरासरी) ४.५० आणि एफआयपी (तसाच आकडा, पण फिल्डरांचा हात नसलेल्या गोष्टींवरूनच काढलेला) ३.२० दिसलं तर मी एफआयपी धरतो. त्यात गचाळ फिल्डिंगचा दोष पिचरच्या माथी येत नाही. पण डेन्व्हरचं कूर्स फील्ड हे मैदान सुमारे १६०० मीटर उंचीवर, हवा विरळ, चेंडू लांब उडतो. तिथले होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) हिशेबात कसे कमी करायचे? आणि पहिला पिचर सहाव्या इनिंगला बाहेर गेला की पुढच्यांचं काय धरता? कुणाकडं एक्सेल शीट असेल तर धाडा की राव.