मदत हवी आहे: कर्जाचा पूर्ण हिशेब मांडते आहे, मार्ग सुचवा

धागाकर्ती: जनकगंज_नवीन

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिणं क्वचितच. या धाग्यासाठी नवा आयडी घेतला, कारण जुन्या आयडीने मला ओळखणारे ग्वाल्हेरचे काही जण इथे आहेत. ह्यांना विचारून लिहिते आहे. त्यांची अट एकच, आडनाव आणि दुकानाचं नाव येता कामा नये. बाकी सगळं सांग म्हणाले.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचा छोटा छापखाना होता, सासऱ्यांनी उभा केलेला. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं. पत्रिका मोबाईलवर जाऊ लागल्या, दाल बाजारातल्या व्यापाऱ्यांची बिलं कॉम्प्युटरवर निघू लागली, त्यात 2020 आणि 2021 च्या लग्नसराया कोरड्या गेल्या. ह्यांनी कर्ज काढून नवं मशीन घेतलं, पण गेलेलं काम परत आलं नाही. शेवटी शटर ओढलं, मशीन मिळेल त्या भावात दिलं. आता हे दुसऱ्याच्या प्रेसमध्ये जातात, मी एका खासगी शाळेत शिकवते. त्यांचे 22 हजार, माझे 18, शिकवणीचे 5. घरात 45 हजार येतात.

आता देणं. बँकेचं पर्सनल लोन 5 लाख 40 हजार शिल्लक, हप्ता 14,800. दोन क्रेडिट कार्डं, एकावर 1 लाख 85 हजार, दुसऱ्यावर 92 हजार. दोन्हींचं फक्त मिनिमम ड्यू भरतो, ते मिळून 13,850 होतात. मोबाईलवरच्या दोन ॲपांचं 38 आणि 22 हजार, त्यांचे हप्ते 9,500. माझे दागिने गिरवी आहेत त्यावर 2 लाख 10 हजार, व्याज महिन्याला 2,100. आणि बाजारातून एका माणसाकडून दीड लाख, शेकडा तीन रुपये महिना, म्हणजे 4,500 नुसतं व्याज. एकूण 12 लाख 37 हजार. महिन्याला बाहेर जातात 44,750. घरखर्च 24 हजार आहे, त्यात सासूबाईंची औषधं आणि मुलाच्या कॉलेजचं येणंजाणं आलं. तो खर्च कुठून भागतो हे वेगळं सांगायला नको, किराणा पुन्हा कार्डावरच येतो.

अनोळखी लोकांना का विचारते आहे, तेही सांगते. ग्वाल्हेरातली आपली मराठी माणसं म्हणजे जनकगंज, दौलतगंज, दाणाओळी, कंपू एवढ्यात सगळी एकमेकांच्या ओळखीची. कुणाच्या मुलीचं कुठे ठरलं, कुणी घर विकायला काढलं, संध्याकाळपर्यंत महाराज बाड्याच्या चौकात पोचलेलं असतं. वाईट माणसं नाहीत ती. सासरे गेले तेव्हा याच लोकांनी सगळं केलं. पण आजारपण सांगता येतं, मृत्यू सांगता येतो, कर्ज सांगता येत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी एक ग्रॅमच्या पाटल्या घालून गेले. एका काकूंनी कुंकू लावताना माझा हात हातात घेतला आणि अंगठा पाटलीवरून जरा सावकाश फिरवला. काही बोलल्या नाहीत. मी तिळगूळ घेऊन लगेच निघाले.

ओळखीच्या माणसाला सांगताना मी आकडा आपोआप कमी करते, हे माझ्या लक्षात आलं आहे. मैत्रिणीला सांगितलं तेव्हा "थोडं कार्डाचं झालं आहे" एवढंच तोंडातून निघालं. तिने मनापासून सल्ला दिला, बाहेरचं खाणं बंद करा, सहा महिन्यांत फिटेल. तिचा काय दोष? तिला मिळालेल्या आकड्याला तोच सल्ला बरोबर होता. म्हणून इथे सगळे आकडे खरे लिहिले आहेत. तुम्हाला माझा चेहरा माहीत नाही, तेवढ्यामुळेच हे जमतं आहे.

विचारायचं आहे ते असं. आधी कुणाचं फेडायचं? बाजारातल्या माणसाकडे ह्यांच्या सहीचा कोरा चेक आहे, त्याचं काय करायचं? ॲपवाल्यांचा फोन आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना गेला, हे थांबवता येतं का? आणि सासूबाईंना काहीच माहीत नाही. त्यांना सांगावं का?

---

प्रतिसाद: जुना_खातेदार

ताई, मी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. काउंटरच्या त्या बाजूला बसून खूप हिशेब ऐकले आहेत. इतका स्वच्छ हिशेब क्वचित कुणी देतं. तरी सल्ल्याआधी काही विचारतो, राग मानू नका.

दागिने किती तोळ्यांचे आणि कोणत्या साली गिरवी ठेवले? घर कुणाच्या नावावर? आणि ज्याचा कागद नाही असं देणं आहे का? नातेवाईक, भिशी, शाळेतून घेतलेली उचल? लोक हे धरत नाहीत. लपवायचं नसतं, पण ते त्यांच्या लेखी कर्ज नसतंच. नंतर तेच मधे उभं राहतं.

---

प्रतिसाद: जनकगंज_नवीन

राग कसला, काका. पाटल्या आणि गोठ मिळून पाच तोळे, 2023 मध्ये ठेवले. घर सासूबाईंच्या नावावर आहे आणि त्याला हात लावायचा नाही, हे आमचं दोघांचं ठरलं आहे.

कागद नसलेलं आहे. पुण्याच्या दिरांनी मशीनच्या वेळी दोन लाख दिले होते. त्यांनी कधी मागितले नाहीत, म्हणून आम्हीही तो विषय काढत नाही. आणि भिशी उचलून झाली आहे, तिचे 3 हजार अजून काही महिने जायचे आहेत. ते मी घरखर्चाच्या 24 हजारांत धरले आहेत. म्हणजे एकूण देणं 14 लाखांच्या वर गेलं. लिहिताना हात जड झाला, पण लिहिलं.

---

प्रतिसाद: सरळमार्गी

स्पष्ट बोलतो. घरातलं देणंघेणं असं चव्हाट्यावर मांडू नये. आपल्या माणसांत बसून सोडवावं. इथे कोण कसा आहे कुणाला ठाऊक?

---

प्रतिसाद: रेवाकाठ

सरळमार्गी, तुमची काळजी समजते, पण ताईंनी आडनाव दिलेलं नाही, बँकेचं नाव दिलेलं नाही, दिले आहेत ते आकडे. आकड्यावरून कुणी कुणाच्या दारात येत नाही. माझ्या भावाने "आपल्या माणसांत" म्हणजे काकांना सांगितलं. काकांनी पैसे दिले नाहीत, दर दिवाळीला उपदेश मात्र दिला. सगळ्यांचे काका तसे नसतात, मान्य. पण सल्ला विचारण्याआधी इभ्रत तारण ठेवावी लागू नये, एवढीच माझी इच्छा.

ताई, ॲपचं मी सांगते, आमच्या घरात झालं आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे ॲपला तुमची फोनबुक, कॉल लॉग, फोटो बघायची मुभाच नाही. वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 च्या नंतर करता येत नाहीत, आणि घरच्यांना किंवा मित्रमंडळींना फोन करून लाज काढणं तर साफ मना आहे. फोनचे हे नियम ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकापासून आहेत. शाळेत फोन आला त्याची तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा. बाईंकडून तेवढंच मागून घ्या, आणि त्यांना एका वाक्यात खरं सांगा. त्यांना अर्धं कळलेलंच आहे.

मग बघा, ते ॲप कोणत्या बँकेचं किंवा वित्त कंपनीचं आहे. जुलै 2025 पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा ॲपांची यादी आहे. कंपनी नोंदणीकृत असेल तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. 30 दिवसांत उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही, माहितीचा फोन 14448. धमकी आली, फोटो बदलून पाठवले, तर वाट बघू नका, सायबरचा 1930 लावा. आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपांच्या सगळ्या परवानग्या आजच काढा.

अजून एक. आज-उद्या तुम्हाला व्यनि, म्हणजे खासगी निरोप, येतील. "ताई, मी सेटलमेंट करून देतो", "कमी व्याजाचं लोन आहे, फक्त फाइल चार्ज भरा". एकाही व्यनिला उत्तर देऊ नका. पॅन, आधार, स्टेटमेंटचा फोटो, ओटीपी कुणालाही नको, मला सुद्धा नको.

---

प्रतिसाद: जुना_खातेदार

रेवाकाठ यांनी ॲपचं नीट सांगितलं, मी बाकीचं घेतो.

सगळ्यात महाग काय ते पाहू. शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के. कार्ड त्याहूनही वर. महिना साडेतीन टक्के धरला तर 2 लाख 77 हजारांवर 9,700 च्या आसपास व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी. तुम्ही 13,850 भरता त्यातले मुद्दलात अडीच हजारही जात नाहीत, आणि किराणा त्याच कार्डावर आला की तेही परत चढतात. म्हणून कार्डं आजपासून बंद. कपाटात ठेवून चालणार नाही, ॲपमध्ये जाऊन व्यवहार बंद करा. किराणा रोखीने.

आता सोनं. हे मनाला लागेल, पण सांगतो. 2023 मध्ये दहा ग्रॅम साठ हजारांच्या आसपास होतं, एप्रिल 2025 मध्ये ते लाखाला पोचलं. तुमचं कर्ज जुन्या भावावर दिलेलं आहे. लाखाचाच भाव धरला, बावीस कॅरेट आणि घट वजा केली, तरी पाच तोळ्यांचे सव्वाचार-साडेचार लाख होतात. गिरवीचे 2 लाख 10 हजार गेले की हातात सव्वादोन लाखांच्या आसपास उरतात. त्यात बाजारातला माणूस पूर्ण फिटतो, दोन्ही ॲपंही फिटतात. महिन्याचे 4,500, 9,500 आणि 2,100 असे 16,100 एका झटक्यात थांबतात. दागिने मोडायचे नसतील तर त्याच सोन्यावर वाढीव कर्ज मागा. तेवढ्यात बाजारातला माणूस बराचसा फिटेल, पण ॲपं राहतील. मला विचाराल तर मोडा. आज ते तुमच्या अंगावर नाहीतच, आणि त्यांचं व्याज मात्र तुम्ही भरता आहात.

चेकचं जपून. कर्ज थकलं म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत, तो दिवाणी मामला आहे. पण चेक वटला नाही तर चेकच्या कायद्याचं कलम 138 लागतं, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. "चेक कोरा होता, फक्त सही माझी" एवढ्याने सुटका होत नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणून पैसे देताना रोख नको, खात्यातून द्या. चेक हातात आल्याशिवाय शेवटचा रुपया सोडू नका, आणि पूर्ण रक्कम पोचल्याची सही घ्या.

उरली कार्डं आणि बँक. कार्ड कंपनीला लिहा की सगळी बाकी हप्त्यांत करून द्या. वार्षिक 16 टक्क्यांनी 36 महिने मिळाले तर हप्ता पावणेदहा हजार येतो. सेटलमेंट, म्हणजे कमी रकमेत खातं मिटवणं, देऊ केली तर लगेच हो म्हणू नका, क्रेडिट रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा वर्षानुवर्षं राहतो आणि पुढे मुलाच्या शिक्षणासाठी तुम्हीच सहकर्जदार असणार. असं केल्यावर महिन्याचं देणं 24,550 वर येतं, हातात 20,450. खर्च 24 हजार. साडेतीन हजार तरीही कमी पडतात. त्यातले तीन भिशी संपली की सुटतील. उरलेल्यासाठी बँकेला पर्सनल लोनची मुदत वाढवून मागा, हप्ता चुकण्याआधी मागा. हप्ते थकवून आलेल्या माणसापेक्षा आधी आलेल्या माणसाचं बँक ऐकते.

आणि दोघांचा क्रेडिट रिपोर्ट काढा. तो बनवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा तो फुकट द्यावा लागतो. तुम्हाला माहीत नसलेलं काही निघालं तर आत्ताच निघू दे. ह्यांनी काही लपवलं आहे असं मी म्हणत नाही. पण माणूस घरापासून एखादा हप्ता लपवतो तो बहुतेक लाजेपोटी, हे मी काउंटरवर पाहिलं आहे.

दिरांना फोन करा. पैसे परत करायला नाही, "आम्ही विसरलो नाही" एवढं सांगायला.

---

प्रतिसाद: चांदण

सासूबाईंचं मी बोलते, माझ्याही घरी सासूबाई आहेत. सांगा, पण आकडा नंतर. आधी एवढंच की छापखान्याचं कर्ज राहिलं आहे आणि आम्ही ते फेडतो आहोत. वसुलीचा माणूस दारात आला आणि त्यांनी दार उघडलं, तर ते जास्त वाईट. मुलगा कॉलेजात आहे, त्यालाही कळू दे. आणि रात्री झोप लागत नसेल, मन फार खाली जात असेल, ह्यांचं किंवा तुमचं, तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. चोवीस तास, पैसे लागत नाहीत. तिथेही नाव सांगायची सक्ती नाही.

---

प्रतिसाद: जनकगंज_नवीन

सगळ्यांचे प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवले. काकांचा हिशेब त्यांनी छापखान्याच्या जुन्या पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःच्या हाताने उतरवून घेतला, आणि ॲपांत आणखी एक निघालं, 9 हजारांचं. मला माहीत नव्हतं. काकांचं रिपोर्टबद्दलचं वाक्य वाचून झाल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं. त्यावर आमचं काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही, पण आकडा लिहिते, यादी पूर्ण असावी म्हणून. सोन्यातून ॲपं फेडल्यावर जे थोडं उरेल त्यात तेही बसेल असं दिसतं. काका, चुकत असेन तर सांगा.

दिरांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, मला वाटलं तुम्हाला आठवण द्यावी लागेल की काय." मग बराच वेळ दोघे भाऊ बोलत होते.

सासूबाईंना रविवारी सांगणार आहोत. मुख्याध्यापिकाबाईंशी बोलले, त्यांनी नंबर आणि वेळ कागदावर लिहून दिली. कार्डं ॲपमधून बंद केली. शनिवारी सराफ्यात जाऊन भाव विचारतो. गोठ नक्की मोडणार, पाटल्या आईच्या आहेत, त्यांचं वजन ऐकल्यावर ठरवते.

आता एकच हवं आहे. बाकी हप्त्यांत करून द्या आणि लोनची मुदत वाढवून द्या, अशी दोन पत्रं लिहायची आहेत. इथल्या शाखेत हिंदीतून द्यावी लागतील. कुणाकडे नमुना असेल तर इथे धाग्यातच टाका, व्यनि नको.