कॅम्पर ओढण्यासाठी पिकअप कोणती घ्यावी, आणि नवी गाडी ओझ्याला कधी जुंपावी?

वडगावकर (बेळगाव) :

नमस्कार. गेल्या वर्षी मी नोकरीतून निवृत्त झालो आणि पत्नीची फार दिवसांची इच्छा पूर्ण करण्यासाठी एक छोटा कॅम्पर बनवून घेत आहे. आपल्या भागात ‘कॅम्पर’ म्हटले की लोकांना दुहेरी केबिनची बोलेरो आठवते, म्हणून खुलासा करतो : मी म्हणतो तो कॅम्पर म्हणजे गाडीमागे जोडून ओढायची, एका आसाची, दोन चाकांची खोली; आत दोघांना झोपण्याची जागा, छोटा ओटा आणि सत्तर लिटर पाण्याची टाकी. रिकाम्या कॅम्परचे वजन ९०० किलो होईल आणि सामानासह ११५० पर्यंत जाईल, असे कारखानदाराचे म्हणणे आहे.

आमचे मार्ग ठरलेले आहेत. जांबोटी-चोर्लामार्गे गोवा, चंदगड-आंबोलीमार्गे सावंतवाडी आणि पुढे मालवण, आणि हिवाळ्यात सौंदत्ती व बदामी. म्हणजे एका बाजूला घाट आणि दुसऱ्या बाजूला मोकळे माळरान. यासाठी टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस आणि बोलेरो कॅम्पर या तीन गाड्या मी पाहून ठेवल्या आहेत.

दुसरा प्रश्न नव्या गाडीच्या सुरुवातीच्या दिवसांचा आहे. एका विक्रेत्याने सांगितले की आजकालच्या इंजिनांना रनिंग-इन, म्हणजे सुरुवातीला जपून चालवणे, लागत नाही, पहिल्या दिवशीच कॅम्पर जोडा. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ, ज्यांनी आयुष्यभर ट्रक चालवले, ते म्हणतात की पाच हजार किलोमीटर चाळीसच्या वर जाऊच नका. दोघांचेही मला पटत नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उद्यमबागेतला फॅब्रिकेटर :

वडगावकर साहेब, इंजिनाची ताकद सगळ्यात शेवटी पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हायलक्सचे २.८ लिटरचे इंजिन मॅन्युअलमध्ये ४२० आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, व्ही-क्रॉसचे १.९ लिटरचे इंजिन ३६० देते, आणि बोलेरो कॅम्परचे अडीच लिटरचे इंजिन २०० च्या आसपास. अकराशे-बाराशे किलो सपाट रस्त्यावर तिन्ही ओढतील. फरक पडेल तो चोर्ल्याच्या चढावर : पहिल्या दोन गाड्या तिसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढतील आणि बोलेरो दुसऱ्यावर घुमत राहील. शिवाय ती मालवाहू म्हणून पिवळ्या पाटीवर येते, तिचे ठरावीक काळाने फिटनेस प्रमाणपत्र काढावे लागते, आणि तुम्हाला तर दर सहलीला राज्याची सीमा ओलांडायची आहे. घरगुती वापरासाठी पांढऱ्या पाटीची गाडी घ्यावी, म्हणजे मन निवांत राहते.

खरा विचार हूकवर येणाऱ्या भाराचा करायचा असतो, आणि तो आपल्याकडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. बैलगाडीत मागे पोती जास्त पडली की गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. पुढे जास्त पडली की बैलांची मान दबते. कॅम्परचेही तेच आहे. मागे उलाळलेला कॅम्पर वेगात शेपटीसारखा हलू लागतो, म्हणून एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार हूकच्या गोळ्यावर (गाडीमागचा लोखंडी गोळा, ज्याला कॅम्पर अडकवतात) असावा असे मी धरतो. तुमच्या ११५० किलोला तो ११५ किलो झाला. युरोपातल्या हलक्या कॅम्परना याहून कमी प्रमाण चालते, पण त्यांचे रस्ते वेगळे आणि आपले खड्डे वेगळे.

आता हे ११५ किलो गाडीवर कसे पडतात ते पाहा. हायलक्स आणि व्ही-क्रॉस या दोन्हींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर सुमारे ३.१ मीटर आहे. गोळा मागच्या आसाच्या १.२ मीटर मागे आहे असे धरले, तर तरफेच्या नियमाने मागच्या आसावर ११५ नव्हे, जवळजवळ १६० किलो येतात आणि पुढच्या आसावरून ४५ किलो कमी होतात. ज्या चाकांनी वळायचे तीच हलकी होतात. त्यात गाडीत चौघे बसले आणि हौद्यात जनरेटर, गॅसची टाकी व खुर्च्या भरल्या, तर गाडीची भार वाहण्याची मर्यादा ओढण्याच्या मर्यादेआधी संपते. म्हणून गाडी घेण्यापूर्वी तीन आकडे कंपनीकडून लेखी घ्यावेत : गाडीचे भरलेले कमाल वजन, ओढता येणारे कमाल वजन आणि गोळ्यावरचा कमाल उभा भार. ‘साहेब, ही दोन टन ओढते’ हे तोंडी उत्तर स्वीकारू नये.

ब्रेकबाबत तडजोड करू नका. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर स्वतःच्या ब्रेकशिवाय चालतो, त्याच्या वर ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक लागतो. तुमचा कॅम्पर या मर्यादेच्या बराच वर आहे. कारखानदार ‘पिकअपचा ब्रेक दणकट आहे, पुरतो’ असे म्हणाला, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. गोळा आणि त्यावर बसणारी कपलिंग यांचे मापही एकच असावे. ५० मिलिमीटरचा गोळा आणि अमेरिकन दोन इंची कपलिंग दिसायला सारखी असतात, पण त्यांत जवळजवळ एक मिलिमीटरचा खेळ राहतो आणि खड्ड्याखड्ड्याला तो ठोकत राहतो.

निपाणीचे मेस्त्री :

वरच्या गृहस्थांनी वजनाचे सगळे सांगितले आहे, मी फक्त नव्या गाडीविषयी लिहितो.

पहिल्याच दिवशी कॅम्पर जोडण्याचा सल्ला चुकीचा आहे, आणि पाच हजार किलोमीटर चाळीसने चालवण्याचाही तितकाच चुकीचा आहे. नव्या सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या (भिंत घासून तयार करण्याच्या) बारीक आडव्यातिडव्या रेघा असतात. पिस्टनच्या रिंगा त्या रेघांवर घासून बसतात, आणि त्या नीट बसण्यासाठी रिंगांमागे ज्वलनाचा दाब लागतो. गाडी सतत हळू, बिनओझ्याची चालवली तर दाबच तयार होत नाही, रिंगा अर्धवट बसतात आणि पुढे इंजिन तेल खाऊ लागते. उलट पहिल्याच दिवशी ओझे घालून घाट चढवला, तर उष्णता इतकी होते की धातू बसण्याऐवजी ओरखडला जातो.

इंजिनापेक्षाही मला मागच्या हाउसिंगची, म्हणजे मागच्या आसावरच्या गिअरच्या डब्याची, काळजी जास्त वाटते. त्यातल्या क्राउन आणि पिनियन या दातेरी चाकांचे दात नवे असताना एकमेकांच्या अंगवळणी पडलेले नसतात आणि ओढताना सगळा जोर त्यांच्यावरून जातो. नव्या गाडीला लगेच ओझे जोडल्यावर हाउसिंगला हात लावून पाहा, हात टेकवत नाही. म्हणूनच टोयोटाच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते की पहिले ३०० किलोमीटर अचानक ब्रेक मारू नयेत, पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर ओढू नये आणि पहिले १००० किलोमीटर एकाच वेगाने फार वेळ चालवू नये. अमेरिकेतील जनरल मोटर्सही तिच्या पिकअपसाठी पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर नको म्हणते, आणि त्यानंतर ट्रेलरसह पहिल्या ८०० किलोमीटरमध्ये ताशी ८० च्या वर जाऊ नका, जागेवरून पूर्ण पेडल दाबून निघू नका, असे सांगते. मी माझ्या गिऱ्हाइकांना सरळ हजाराचा आकडा सांगतो.

हे हजार किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग ४८ वर एका वेगाने संपवू नका. बेळगाव ते निपाणी हायवेने येऊन-जाऊन दीडशे किलोमीटर होतात खरे, पण सगळा रस्ता पाचव्या-सहाव्या गिअरचा. मधला वंटमुरी आणि तवंदीचा घाट सोडला तर इंजिनाला बदल म्हणून मिळत नाही. त्यापेक्षा बैलहोंगल-सौंदत्तीकडचा रस्ता धरा. तिथे गाव येते, गतिरोधक येतो, चढ-उतार येतो, गिअर खाली-वर होतात. इंजिन गरम झाल्यावर अर्ध्या-पाऊण पेडलने गाडी उचलावी, मग पेडल सोडून गिअरवरच वेग उतरू द्यावा. इंजिन थंड असताना मात्र जोर देऊ नये आणि घरासमोर पाच-दहा मिनिटे नुसते चालू ठेवू नये.

हजार झाल्यावर पहिले ओझे रिकाम्या कॅम्परचे, तेही सपाटीवर. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर थांबून कॅम्परच्या चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा; नवीन रिमवरचा रंग दबतो आणि नट सैल पडतात. तेव्हाच दोन्ही हब (चाकांचे मधले भाग) हाताने चाचपून पाहा. एक गरम आणि एक गार असेल तर बेअरिंग जास्त आवळलेले आहे किंवा ब्रेक घासतो आहे. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्यावर इंजिन ऑईल आणि हाउसिंगचे ऑईल दोन्ही बदलावे, हा माझा आग्रह आहे. सर्व्हिसच्या वेळापत्रकात ते नसले तरी चालेल. काढलेल्या तेलात बोटाला जी चंदेरी चमक लागते, ती पाहिल्यावर पुन्हा विचारणार नाही.

वडगावकर (बेळगाव) :

दोघांचेही मनापासून आभार. इतके नेमके उत्तर मला कुठल्याही शोरूममध्ये मिळाले नाही. पत्नीही गाडी चालवणार असल्याने ऑटोमॅटिक घेण्याचा विचार आहे. ती घाटात कशी वागते? आणि कारखानदार कॅम्परला ओव्हररन ब्रेक बसवणार आहे. त्याविषयीही कोणी सांगू शकेल का?

खानापूरच्या शिक्षिका :

काका, आम्ही पती-पत्नी चार वर्षांपासून कॅम्पर ओढत आहोत आणि निम्म्या वेळा स्टिअरिंगवर मी असते, म्हणून लिहिते.

आधी आमच्यावर बेतलेला प्रसंग सांगते, कारण तो टाळता आला असता. आमच्या पहिल्या कॅम्परचा आस कारखान्याने बरोबर मध्यभागी बसवला होता. तसे दिसायला बरे दिसते, असे कारण दिले. पलंग, पाण्याची टाकी आणि स्टेपनी हे सगळे आसाच्या मागे होते. वंटमुरी घाट उतरताना ताशी ७५ च्या वेगात एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि त्याच्या वाऱ्याच्या झोताने कॅम्पर डावीकडे-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागला. प्रत्येक झोकांडी आधीपेक्षा मोठी. यजमानांनी घाबरून ब्रेक दाबला आणि ती आणखी वाढली. मी ओरडले, ‘पाय काढा!’ ब्रेक सोडून त्यांनी स्टिअरिंग नुसते सरळ धरून ठेवले तेव्हा वेग उतरत गेला आणि साठच्या खाली आल्यावर कॅम्पर स्थिर झाला. माझ्या तळहातांवर सीटबेल्टचे वळ उठले होते. घरी आल्यावर गोळ्यावरचा भार मोजला तर फक्त तीस किलो भरला. त्यामुळे कॅम्पर ताब्यात घेण्यापूर्वी तो भरून मोजा, रिकामा नव्हे.

ओव्हररन ब्रेक चांगला आहे, पण त्याचा स्वभाव समजून घ्या. गाडीचा वेग कमी झाला की मागून कॅम्पर ढकलतो, त्या ढकलण्यानेच कपलिंगचा दांडा आत सरकतो आणि ब्रेक लागतो. म्हणजे लांब उतारावर तुम्ही इंजिनच्या ब्रेकवर उतरत असलात तरी कॅम्पर सारखा ढकलत राहतो आणि त्याच्या ब्रेकचे ड्रम तापत राहतात. चोर्ल्यात आम्ही उतरताना मध्ये दोनदा थांबतो, ड्रमजवळ हात नेऊन धग पाहतो आणि वास घेतो. पाण्याचा शिडकावा मात्र तापलेल्या ड्रमवर कधीही करू नका. रिव्हर्स घेतानाही ढकलल्यासारखेच होते आणि ब्रेक लागतो; काही कपलिंगना त्यासाठी पिन अडकवावी लागते. ती पिन काढायला विसरलात तर पुढचा सगळा प्रवास कॅम्परच्या ब्रेकविना होईल. आमच्या पिनला मी लाल फडके बांधले आहे.

ऑटोमॅटिक ओझ्याला चांगली आहे, क्लच प्लेट जळण्याची भीती नाही. पण घाटात तिला ‘डी’ मध्ये मोकळी सोडू नका, कारण ती गिअर वर घेते, जोर कमी पडला की खाली आणते, पुन्हा वर घेते आणि त्या ओढाताणीत गिअरचे तेल तापते. हाताने तिसऱ्यावर ठेवा. ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम ऑटोमॅटिकलाही लागू आहे. पावसाळ्यात, विशेषतः कणकुंबीपासून पुढे धुके आणि संततधार असते तेव्हा, आम्ही कॅम्पर घराबाहेरच काढत नाही.

एक कागदाचे काम राहून जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हाही मोटार वाहनच आहे, त्यामुळे कॅम्परची स्वतंत्र नोंदणी आणि स्वतंत्र विमा लागतो. ज्या कारखान्याकडे नमुन्याचे मान्यता प्रमाणपत्र नाही, त्याचा कॅम्पर कितीही सुबक असला तरी आर.टी.ओ.त अडकेल. हे उरलेले पैसे देण्यापूर्वी विचारा. आणि कॅम्पर पिकअपपेक्षा रुंद असेल तर बाजूला लांब येणारे आरसे बसवा. त्यांच्याशिवाय मागचा दुचाकीस्वार दिसतच नाही.

वडगावकर (बेळगाव) :

ताई, तुमचा प्रसंग वाचून दुसऱ्याच दिवशी मी कारखान्यात गेलो. प्रमाणपत्राची प्रत पाहिली, ती आहे. मग टाकी भरून, गाद्या, भांडी, गॅस सगळे आत ठेवून कॅम्पर वजनकाट्यावर नेला आणि गाडीपासून सोडवून मोजला : ११८० किलो. त्यानंतर अडतीच्या दुकानातून पोती मोजण्याचा काटा आणून कपलिंगखाली लाकडी ठोकळा ठेवला आणि कॅम्पर पूर्ण सपाट करून पुढचा भार त्यावर उतरवला. काटा ६२ वर थांबला. म्हणजे जेमतेम पाच टक्के.

कारखानदार समजूतदार निघाला. आसापासून गोळा ३.४ मीटरवर आहे. पाण्याची टाकी आसाच्या १.३ मीटर मागे होती, ती आसाच्या थोडी पुढे, ३० सेंटिमीटरवर घेतली, त्यामुळे पाणी संपत गेले तरी भारात मोठा फरक पडणार नाही. बावीस किलोची स्टेपनी मागच्या भिंतीवरून काढून पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर बसवली. पुन्हा मोजले तर काटा १२५ वर आला. ड्रमचे आणि कपलिंगचे काम पूर्ण व्हायला अजून तीन आठवडे लागतील.

गाडी ऑटोमॅटिक हायलक्स ठरवली आहे, पण गोळ्यावरच्या उभ्या भाराचा आकडा कंपनीच्या पत्रावर येईपर्यंत आगाऊ रक्कम थांबवली आहे. गाडी आली की पहिली फेरी रिकाम्या गाडीने सौंदत्तीला, यल्लम्माच्या दर्शनाला.


निपाणीचे मेस्त्री :

येताना बैलहोंगलवरूनच या, आणि हजार झाले की हाउसिंगच्या तेलासाठी निपाणीला गाडी घेऊन या. काढलेले तेल तुमच्यासमोरच पांढऱ्या ताटलीत ओतून दाखवतो.