शब्दचर्चा: नायट्रस ऑक्साईड 'उपपदार्थ' की 'मधला पदार्थ'?

प्रश्न
सांडपाणी प्रक्रियेवरच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. मथळा असा जमवलाय: 'जैविक पद्धतीने नायट्रोजन काढताना तयार होणारे घातक उपपदार्थ'. पण उपपदार्थ म्हटलं की मला साखर कारखान्याची मळी आणि बगॅस आठवते, म्हणजे विकून चार पैसे देणाऱ्या गोष्टी. इथे यादीत नायट्रस ऑक्साईड, नायट्रिक ऑक्साईड आणि नायट्राइट आहेत. यांना उपपदार्थ म्हणावं का? शिवाय 'डीनायट्रिफिकेशन'ला विनायट्रीकरण लिहू की विनत्रीकरण?

प्रतिसाद
दुसरं आधी उरकतो. शाळेच्या पुस्तकांत नायट्रीकरण, विनायट्रीकरण असंच असतं. 'नत्र' हा खताच्या गोणीवरचा शब्द. नत्र, स्फुरद, पालाश. कुठलाही चालेल, फक्त एका पानावर दोन्ही नकोत.

आता उपपदार्थ. त्यात चांगलं-वाईट काही नाही. तीच मळी ओढ्यात सोडली तर मासे मरतात. माझी हरकत रसायनशास्त्राची आहे. विनायट्रीकरणात जिवाणू नायट्रेटचा ऑक्सिजन टप्प्याटप्प्याने काढून घेतात: नायट्रेट, नायट्राइट, नायट्रिक ऑक्साईड, नायट्रस ऑक्साईड आणि शेवटी निरुपद्रवी नायट्रोजन वायू. तुमच्या यादीतले तिन्ही पदार्थ या वाटेवरच आहेत, वाट चुकून आलेले नाहीत. तेव्हा 'मधले पदार्थ' म्हणा. शेवटचा टप्पा पार पाडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) तांबं लागतं आणि ऑक्सिजन सोसत नाही. ॲनॉक्सिक, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन नसलेल्या, टाकीत हवा शिरली किंवा जिवाणूंना कार्बन कमी पडला की काम तिथेच अडतं आणि नायट्रस ऑक्साईड हवेत निसटतो.

प्रतिसाद
अर्धंच पटलं. त्याआधीच्या नायट्रीकरणाचं काय? तिथे अमोनियापासून हायड्रॉक्सिलअमीन, मग नायट्राइट, मग नायट्रेट. या वाटेत नायट्रस ऑक्साईड हा टप्पाच नाही. हायड्रॉक्सिलअमीनचं ऑक्सिडीकरण होताना थोडा बाजूला पडतो, आणि ऑक्सिजन कमी असला तर अमोनिया खाणारे जिवाणूच नायट्राइट उलटं फिरवून तो बनवतात. म्हणजे नायट्रीकरणात तो अस्सल उपपदार्थ. एकाच वायूला टाकीगणिक वेगळं नाव द्यावं लागेल, त्याला इलाज नाही.

प्रतिसाद
मी एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) चालवतो. आमच्याकडे हे दोन्ही शब्द कोणी वापरत नाही. 'नायट्राइट वाढलंय' एवढंच. सकाळी अमोनियाचा लोड येतो, वीज वाचवायला टाकीत हवा सोडणारा ब्लोअर कमी ठेवलेला असतो, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) खाली जातो आणि नायट्राइटचं पुढे नायट्रेट होणं अडतं. मग नमुन्यात नायट्राइट तपासायचं रसायन टाकलं की पाणी गडद गुलाबी होतं. त्याआधीच क्लोरिनवाला ओरडत असतो, कारण नायट्राइट क्लोरिन खाऊन टाकतं. एक मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजनला साधारण पाच मिलिग्रॅम क्लोरिन जातं. डोस वाढवूनही शिल्लक क्लोरिन दिसत नाही.

दुसरी गंमत लिटरच्या जारमधली. अर्ध्या तासात गाळ मस्त खाली बसतो. जार तसाच ठेवला तर तास-दोन तासांनी तोच गाळ ढेकळासारखा वर तरंगतो. आत विनायट्रीकरण होऊन बुडबुडे अडकलेले असतात. तो वायू बहुतेक नायट्रोजनच, त्याला घातक कोण म्हणेल? पण हेच क्लॅरिफायरमध्ये (गाळ खाली बसवायच्या टाकीत) झालं की गाळ पाण्याबरोबर बाहेर. तुमच्या यादीत हे नाही, बघा.

प्रतिसाद
'घातक' शब्दालाही फोड हवी. नायट्राइट पाण्यातल्या माशांना थेट बाधतं. त्यांचं रक्त तपकिरी पडतं, ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. नायट्रस ऑक्साईडचा नाल्याकाठच्या माणसाला त्रास नाही. त्याचं नुकसान वातावरणात: शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साईडच्या २७३ पट तापवतो, वर ओझोनचा थरही झिजवतो. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळच्या क्रॅलिंगसेवीर सांडपाणी केंद्रात १६ महिने सलग मोजणी झाली, तेव्हा येणाऱ्या नायट्रोजनपैकी २.८ टक्के या रूपात हवेत गेला होता. हेलसिंकीचं व्हीकिनमाकी केंद्र तर खडक कोरून जमिनीखाली बांधलंय, त्यामुळे बाहेर जाणारी हवा एकत्र मोजता येते. उघड्या टाक्यांवर हे काम फार जिकिरीचं. म्हणून एका 'घातक'मध्ये दोघांना कोंबू नका. 'पाण्याला बाधक' आणि 'हवामानाला बाधक' असं वेगळं लिहा.

प्रश्नकर्ती
मथळा बदलला: 'नायट्रोजन काढताना पाण्यात राहणारे आणि हवेत जाणारे बाधक पदार्थ'. उपपदार्थ फक्त नायट्रीकरणाच्या परिच्छेदात ठेवते, विनायट्रीकरणात 'मधले पदार्थ'. तरंगणाऱ्या गाळाची चौकट वेगळी टाकते. नायट्रस ऑक्साईडला कंसात 'हास्यवायू' लिहू का?

प्रतिसाद
नको. लोक भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे पोहोचतील. नायट्रस आणि नायट्रिकमध्ये मात्र मुद्रितशोधन नीट करा, शेवटच्या अक्षराने वायू बदलतो.